गच्चीवरचा हिवाळा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

ऑक्टोबर उजाडला की या सदराकडे भाजीपाल्याची पत्रं वाढतात आणि बहुतेकांचा सूर एकच असतो : पेरलं, पण जमलं नाही. पुण्यात हिवाळी भाजीला मिळणारा काळ लहान आहे, ढोबळमानाने दिवाळी ते महाशिवरात्र. त्याआधी ऑक्टोबरचा उकाडा, त्यानंतर कोरडं ऊन. खाली विचारलेल्या बऱ्याच अडचणींचं मूळ खतात किंवा बियाण्यात नसून तारखेत आहे.

प्रश्न : दसऱ्याच्या सुमारास गच्चीवर धने आणि मेथी पेरली. मेथी उगवली, पण चार-पाच दिवसांत आडवी झाली. धने उगवलेच नाहीत. बी किराणा दुकानातलं होतं, म्हणून असं झालं का? (वाचक, कोथरूड)

उत्तर : किराणा दुकानाला दोष देण्याआधी उन्हाकडे बघा. दसऱ्याच्या आसपास दुपारचं तापमान ३२ अंशांच्या घरात असतं आणि काळ्या ग्रो बॅगेतली वरची इंचभर माती त्याहून बरीच जास्त तापते. धन्याला उगवायला साधारण १५ ते २५ अंशांची माती आणि दहा-बारा दिवस न तुटणारी ओल लागते. सकाळी पाणी घातलं आणि दुपारी माती करकरीत वाळली, असं दोनदा झालं तरी फुगलेला दाणा आतल्या आत मरतो.

शिवाय आपण ज्याला धना म्हणतो ते फळ असतं, त्यात दोन बिया असतात. अख्खा धना पेरला तर पाणी आत शिरायला वेळ लागतो. धने पोळपाटावर ठेवून लाटण्याने हलक्या हाताने रगडा. दोन फाका झाल्या पाहिजेत, भुगा नको. मग ८ ते १२ तास पाण्यात भिजवा, निथळून ओल्या फडक्यात एक दिवस ठेवा आणि दीड सेंटिमीटर खोल पेरा. चौरस फुटाला चहाचा एक चमचा धने पुरतात. वरून ओलं गोणपाट टाका आणि पहिला कोंब दिसला त्या दिवशी संध्याकाळी ते काढा. एक दिवस उशीर झाला तरी कोंब पिवळे, लांबुडके होतात. किराणा दुकानातले धने चालतात, फक्त ते जुने नकोत. चोळल्यावर वास आला पाहिजे.

मेथीचं आडवं होणं हे वेगळं प्रकरण आहे. रोपाची मान मातीलगत बारीक आणि पाणचट होऊन ते कोलमडलं असेल, तर ते मातीतल्या बुरशीचं काम. दाट पेरणी, संध्याकाळी ओतलेलं पाणी, अर्धवट कुजलेलं शेणखत आणि मध्येच येऊन गेलेली परतीच्या पावसाची सर, यांतलं काहीही दोन एकत्र आले की ही बुरशी फोफावते. मेथी चौरस फुटाला एक ते दीड चमचा, त्याहून दाट नको. पेरण्याआधी बियाण्याला ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी, चोळा (१०० ग्रॅम बियाण्याला अर्धा ग्रॅम पुरतो) आणि पाणी सकाळीच द्या. आडवी झालेली रोपं उचलून टाका, दोन दिवस पाणी थांबवा. उरलेली बहुधा वाचतात.

पेरायचं कधी? सणावर जाऊ नका, सण दरवर्षी पुढेमागे होतात. वर्तमानपत्रात शिवाजीनगरचं, म्हणजे आपल्या सिमला ऑफिसच्या वेधशाळेचं, किमान तापमान येतं. ते सलग चार-पाच दिवस १८ अंशांच्या खाली आलं की धने, पालक आणि मटार बिनधास्त पेरा. मेथीला इतकं थांबायची गरज नाही. मगरपट्टा, चिंचवडसारख्या दाट वस्तीच्या भागात रात्री पाषाण किंवा एनडीएपेक्षा कितीतरी उबदार असतात, कधी चार-पाच अंशांनी. तिथल्या लोकांनी आठवडाभर उशिरा पेरलेलं बरं.

प्रश्न : गच्चीच्या कठड्याला लागून कुंड्या ठेवल्या आहेत. पावसाळ्यात भेंडी उत्तम आली, पण नोव्हेंबरपासून त्याच जागी टोमॅटो आणि कोबी नुसते उंच वाढतात, खोड किडकिडीत राहतं. खत वाढवलं तरी फरक नाही. (वाचक, सहकारनगर)

उत्तर : खत थांबवा आणि कुंड्या हलवा. तुमच्या कुंड्या दक्षिणेच्या कठड्याला असणार.

पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. जूनमध्ये भर दुपारी सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेलाच झुकलेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या कठड्याची सावली गच्चीवर पडतच नाही. २१-२२ डिसेंबरला मात्र भर दुपारीसुद्धा तो दक्षिणेला जेमतेम ४८ अंश वर येतो. तीन फुटांच्या कठड्याची सावली तेव्हा बारा-साडेबाराला पावणेतीन फूट लांब पडते आणि सकाळी नऊला त्याहून पुष्कळ जास्त. म्हणजे कठड्यालगतची कुंडी नोव्हेंबर ते जानेवारी जवळजवळ सावलीतच असते. भेंडीला जूनमध्ये मिळालेली जागा आणि कोबीला डिसेंबरमध्ये मिळालेली जागा फरशी म्हणून एक असली तरी ऊन म्हणून एक नाही.

उपाय दोन. कुंड्या कठड्यापासून चार फूट आत घ्या. गच्ची अरुंद असेल तर लोखंडी स्टँडवर दोन-अडीच फूट उचला. उत्तरेच्या कठड्याजवळची जागा हिवाळ्यात सगळ्यात चांगली : ऊन दिवसभर आणि भिंतीची ऊब रात्री.

याच हिशेबाने बाल्कनीचंही सांगता येईल, कारण तीही पत्रं बरीच आहेत. दक्षिणेच्या बाल्कनीत हिवाळ्यात ऊन खोलवर आत येतं आणि एप्रिल-मेमध्ये जवळपास नाहीसं होतं. तिच्यासाठी हिवाळी भाजी हेच मुख्य पीक समजा. पूर्वेच्या बाल्कनीत तीन-चार तास ऊन मिळतं : पालक, मेथी, शेपू, कोथिंबीर, लेट्यूस येतील, टोमॅटो आणि फ्लॉवरचा हट्ट धरू नका. उत्तरेच्या बाल्कनीवर साधारण २३ सप्टेंबर ते २१ मार्च थेट ऊन पडतच नाही. तिथे पुदिना आणि पानओवा लावा.

प्रश्न : सोसायटी म्हणते, गच्चीवर माती टाकायची नाही, स्लॅबवर भार येतो. इतक्या कुंड्यांनी खरंच काही होतं का? (वाचक, सिंहगड रस्ता)

उत्तर : सोसायटीचं म्हणणं अगदीच उडवून लावू नका. ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात, म्हणजे आयएस ८७५ मध्ये, चौरस मीटरला सुमारे १५० किलोचा चल भार (माणसं, सामान यांचा) धरतात. ओल्या मातीचा फूटभर जाड थर टाकला तर चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास वजन भरतं. वाफे बांधून माती ओतणं म्हणूनच गैर आहे.

हलकं मिश्रण करा. आकारमानाने ३ भाग माती (लाल किंवा पोयटा), ३ भाग गांडूळखत किंवा मुरलेलं शेणखत, ३ भाग कोकोपीट आणि १ भाग भाताचं तूस. हे पूर्ण भिजल्यावर लिटरला साधारण किलोभर भरतं. आठ इंच, म्हणजे २० सेंटिमीटर खोल क्रेट शेजारी शेजारी लावले तर चौरस मीटरला २०० किलो होतात. पण निम्मी जागा फिरायला मोकळी ठेवली तर सरासरी १०० वर येते. मोठे ड्रम तुळईच्या किंवा खांबाच्या डोक्यावर, स्लॅबच्या मधोमध नाही. जुनी इमारत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवूनच पुढे जा. हा खर्च वाचवू नये.

भारापेक्षा गळतीची भांडणं जास्त होतात. कुंडी थेट कोब्यावर ठेवली की तळाच्या भोकातून मुळं फटीत शिरतात आणि खाली कायम ओल राहते. प्रत्येक क्रेट दोन विटांवर ठेवा, खालून झाडू फिरला पाहिजे.

काळी माती फुकट मिळते म्हणून कुंडीत भरू नका. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि मधली मुळं तुटतात. आणि पाच किलोची कोकोपीटची वीट २०-२५ लिटर पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून, एकदा पुन्हा धुवा. त्यातलं मीठ जायला हवं.

प्रश्न : यंदा भोगीची भाजी पूर्ण घरची करायची इच्छा आहे. कोणती भाजी कधी पेरावी म्हणजे सगळं एका वेळी हाताशी येईल? (वाचक, बिबवेवाडी)

उत्तर : छान प्रश्न. भोगी १३ जानेवारीला, एखाद्या वर्षी १४ला. तिथून उलटं मोजत या.

वांग्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो. महिनाभराचं रोप ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात १४ इंची कुंडीत लावा, एका कुंडीत एकच. पुणेकरांनी मांजरी गोटा सोडून दुसरीकडे का जावं, कळत नाही. पुण्याजवळच्या मांजरीचं नाव लावणारं हे वांगं भोगीला लागतं तसंच गोल आणि गरदार असतं. पहिली वांगी लावणीनंतर साधारण ७० दिवसांनी मिळतात. शेंडा अचानक मान टाकतो आणि बाकी झाड टवटवीत असतं, तेव्हा आत अळी आहे. शेंडा सुकलेल्या भागाच्या इंचभर खाली कापून पाण्यात बुडवून नष्ट करा. हे आठवड्यातून दोनदा केलंत तर फवारणीची वेळ क्वचित येईल. कापलेला शेंडा तिथेच टाकलात तर अळी उठून दुसऱ्या झाडावर जाते.

गाजरंही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. ९० ते १०० दिवस लागतात. पुसा केसरसारखं देशी लाल वाण घ्या. ते थोडा उकाडा सोसतं.

हरभरा ऑक्टोबरच्या मध्याला. याला दोनदा उत्पन्न आहे. महिन्याभराने कोवळे शेंडे खुडा, त्याची भाजी होते आणि झाड फुटून पसरतं. त्यानंतर खुडणी बंद, नाहीतर घाटे उशिरा लागतील. सोलाणे जानेवारीत मिळतील. हरभऱ्याला जास्त पाणी हाच सगळ्यात मोठा शत्रू. दोन इंच खाली माती कोरडी लागल्याशिवाय झारी उचलू नका.

मटार नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. अर्केल हे लवकर येणारं वाण, ६० ते ६५ दिवसांत शेंगा. बी रात्रभर भिजवा, तीन सेंटिमीटर खोल, सहा-सात सेंटिमीटरवर एकेक. दोन फुटांच्या काटक्या उगवल्याबरोबरच रोवा, नंतर रोवल्या तर मुळं दुखावतात. इथे हिशेब स्पष्ट सांगतो : वीस झाडांना मिळून किलोभर शेंगा येतील. दोन कुंड्यांत चार झाडं लावून मटाराची वाट बघणं म्हणजे केवळ हौस.

श्रावण घेवडा झुडपी प्रकारचा, १० नोव्हेंबरच्या आत. एरवी ५०-५५ दिवसांत येतो, थंडीत आठवडाभर रेंगाळतो. पावटा हवा असेल तर यंदाची वेळ टळली. त्याचा वेल जून-जुलैत लावायचा असतो आणि दिवस लहान झाल्यावरच तो फुलतो. आत्ता लावलेला वेल फुलेल, पण फुटभराचा असतानाच, आणि शेंगा मोजून घ्याव्या लागतील. बोरं, ऊस आणि तीळ मंडईतून आणा.

प्रश्न : टोमॅटोला ऑक्टोबरमध्ये फुलं आली ती गळली. डिसेंबरअखेर पुन्हा गळली. मधल्या काळात लागलेल्या फळांचं बूड काळं पडलं. कीड दिसत नाही. (वाचक, हडपसर)

उत्तर : तिन्ही गोष्टींची कारणं वेगळी आहेत आणि एकही कीड नाही.

ऑक्टोबरची गळ उकाड्याची. दिवसा ३२ अंशांच्या वर आणि रात्री २१-२२ च्या खाली न उतरणारी हवा असली की परागकण निकामी होतात. डिसेंबरअखेरची गळ गारठ्याची, रात्र १२-१३ अंशांच्या खाली गेली की तेच होतं. या दोन्हींच्या मधल्या दिवसांत फळधारणा चांगली होते. ती साधण्यासाठी रोप सप्टेंबरअखेर लावलेलं असावं, म्हणजे नोव्हेंबरात झाड फुलोऱ्यावर येतं. उंच मजल्यावर मधमाश्या कमी येतात. सकाळी दहा-अकराच्या सुमारास फुलांच्या घोसामागे काठीवर बोटाने टिचकी मारा. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, त्याला फक्त हादरा लागतो. गारठ्याच्या दिवसांत चेरी टोमॅटो मोठ्या फळांच्या वाणांपेक्षा जास्त तग धरतो.

काळ्या बुडाचं कारण कॅल्शियम, पण दुकानात धावू नका. पुण्याच्या मातीत कॅल्शियम सहसा भरपूर असतं. ते पाण्याबरोबर फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही, कारण पाणी एक दिवस भरपूर आणि दोन दिवस नाही असं दिलं जातं. टोमॅटोला २० लिटरची कुंडी हवी. आठ इंची कुंडीत मोठं झाड दुपारपर्यंत सगळं पाणी ओढून घेतं आणि मग किती का घाला, बूड काळंच होतं. वर दोन इंच पालापाचोळा पसरा. डाग पडलेली फळं काढून टाका, ती सुधारत नाहीत. अंड्याच्या टरफलांचा चुरा घालायला हरकत नाही, पण तो विरघळायला महिने लागतात, तोवर हंगाम संपतो. मिश्रणात कोकोपीटच जास्त असेल तेव्हाच कॅल्शियम नायट्रेट लिटरला २ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा मुळाशी द्या.

पानं वाटीसारखी वर वळून लहान राहिली असतील तर मात्र तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. झाड उपटा. औषध नाही.

प्रश्न : फ्लॉवरची रोपं डिसेंबरात नर्सरीतून आणली. गड्डा लिंबाएवढा होऊन थांबला. शेजारच्या कोबीची पानं चाळणीसारखी झाली. (वाचक, औंध)

उत्तर : लिंबाएवढा गड्डा म्हणजे रोप आधीच म्हातारं होतं. ट्रेमध्ये ३५-४० दिवस अडकून पडलेलं, मुळं गुंडाळलेलं, उपाशी रोप जमिनीत गेल्यावर पानं वाढवायच्या भानगडीत न पडता थेट गड्डा धरतं. पानंच नाहीत, मग गड्डा कशावर पोसणार? दुसरी शक्यता अशी की लवकरचं वाण थंडीत लावलं गेलं. फ्लॉवरमध्ये वाणाचा हंगाम पाळावाच लागतो : पुसा दीपाली लवकरच्या लागवडीचं, स्नोबॉल थंडीतलं. उरुळी कांचनला जा नाहीतर कोपऱ्यावरच्या नर्सरीत, दोनच प्रश्न विचारा : रोप किती दिवसांचं आणि वाण कोणत्या हंगामाचं. उत्तर मिळत नसेल तर घेऊ नका. २५ ते ३० दिवसांचं, चार-पाच पानांचं, खोड हिरवं असलेलं रोप घ्या. लावल्यावर तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात कुंडीला दोन मुठी गांडूळखत. गड्डा मुठीएवढा झाला की बाहेरची पानं त्यावर दुमडून सुतळीने सैल बांधा, म्हणजे तो पांढरा राहतो.

कोबीची चाळणी करणारी हिरवी, सेंटिमीटरभर अळी. बोट लावलं की वळवळत धाग्याला लोंबकळते. हा चौकोनी ठिपक्यांचा पतंग. शेतकरी कोबीत मोहरीच्या ओळी पेरतात, कारण पतंग अंडी घालायला मोहरी पसंत करतो. गच्चीवर एक पसरट कुंडी मोहरीची, कोबी लावण्याच्या पंधरा दिवस आधी पेरा आणि तिच्यावरच्या अळ्या वेचा. कोबीवर बॅसिलस थुरिंजिएन्सिस या अळीनाशक जिवाणूची पावडर लिटरला १ ग्रॅम, पानांच्या खालच्या बाजूला, सूर्य मावळताना. उन्हात ती निकामी होते म्हणून सकाळी फवारलेली फुकट जाते. सात दिवसांनी पुन्हा. अळी लगेच मरून पडत नाही, पण खाणं थांबवते.

प्रश्न : गाजरं दोन-तीन पायांची निघतात. (वाचक, धायरी)

उत्तर : ताजं शेणखत, खडे, किंवा रोप उपटून दुसरीकडे लावणं, या तिघांपैकी एक. गाजर जागच्या जागी पेरायचं, माती फूटभर खोल आणि चाळलेली. खत आधीच्या पिकाला घातलेलं पुरतं. बोटभर झाली की विरळणी करून पाच-सहा सेंटिमीटर अंतर ठेवा. डोकं मातीबाहेर येऊन हिरवं झालं तर वर माती ओढा. मुळ्याला हेच लागू, शिवाय मुळा वेळेत काढा. हिवाळी वाण ५०-६० दिवसांच्या पुढे गेलं की आतून भेंडाळतं. राहून गेलाच तर फुलू द्या, डिंगऱ्या खायला मिळतील.

प्रश्न : बोअरचं पाणी घालतो. पालक, वांगं सगळ्यांची वरची पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. युरिया घातला, पिवळेपणा वाढला. (वाचक, वाघोली)

उत्तर : खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह. मातीत लोह असतं, पण बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने आणि चुनखडीच्या मातीने ते झाडाला घेता येत नाही. कुंडीच्या कडेला पांढरी खपली दिसते का? तेच क्षार.

चिलेटेड लोह (झाडाला घेता येईल अशा रूपातलं) लिटरला १ ग्रॅम, संध्याकाळी पानांवर, दहा दिवसांच्या अंतराने दोनदा. नवी पानं हिरवी येतील. जुनी पिवळी तशीच राहतील, त्यांची वाट बघू नका. महिन्यातून एकदा पालिकेचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी कुंडीच्या दुप्पट आकारमानाने ओतून तळातून वाहू द्या. १० लिटरच्या कुंडीला २० लिटर. वरची खपली खरवडून टाका आणि गांडूळखत वाढवा. युरिया कुंडीत नकोच.

प्रश्न : मावा आणि भुरी यांवर घरगुती काय करावं? (वाचक, कर्वेनगर)

उत्तर : मावा ढगाळ, गार हवेत वाढतो. आधी नुसत्या पाण्याचा जोराचा फवारा पानांखाली मारा, निम्मं काम होतं. मग कडुनिंबाचं तेल ५ मिलि, १ मिलि द्रवरूप साबण आणि १ लिटर कोमट पाणी. साबण आणि तेल आधी एकत्र घोटा, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पानं भाजतात. किंवा निंबोळ्या कुटून ५० ग्रॅम लिटरभर पाण्यात रात्रभर, सकाळी गाळून. पानावर लालसर, ठिपकेवाले भुंगेरे, म्हणजे ढालकिडे, फिरत असतील तर फवारू नका, ते मावाच खातात.

भुरी मटारावर जानेवारीत हमखास येते : कोरडे दिवस, गार रात्री. पहिला पांढरा ठिपका दिसताच पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम. ऊन ३२ अंशांच्या वर असेल तर नाही आणि तेलाच्या फवाऱ्यानंतर दोन आठवडे तरी नाही, दोन्ही एकत्र आले की झाड होरपळतं.

प्रश्न : घरातले मोड आलेले कांदे लावले. पात उत्तम, पण कांदा धरलाच नाही, मधून फुलाचा दांडा आला. लसणाचंही तसंच, पात आहे, गड्डी नाही. (वाचक, चिंचवड)

उत्तर : कांदा हे दोन वर्षांचं पीक. पहिल्या वर्षी गड्डा, दुसऱ्या वर्षी फूल. तुम्ही गड्डाच लावलात, म्हणजे दुसऱ्या वर्षापासून सुरुवात केलीत. डेंगळा येणारच. मोडाचे कांदे पातीसाठी लावा आणि डेंगळा निघण्याआधी कापून संपवा.

कांदा हवा असेल तर रोपं. बी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला टाका, ५०-५५ दिवसांची रोपं डिसेंबरअखेरपर्यंत लावा, ओळींत १५ आणि रोपांत १० सेंटिमीटर. लावताना शेंड्याची एक तृतीयांश पात छाटा. एन-२-४-१ हे जुनं भरवशाचं रब्बी वाण. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची भीमा किरण आणि भीमा शक्ती हीही रब्बीत चालतात. रोपं फार आधी लावली तर थंडी येईपर्यंत मान पेन्सिलीएवढी जाड होते आणि अशाच रोपांना डेंगळे येतात. एप्रिलमध्ये निम्म्या माना पडल्या की समजा तयार, त्याआधी पंधरा दिवस पाणी तोडा.

लसणाच्या बाबतीत तुम्ही बहुधा मोठ्या पाकळ्यांचा, डोंगराळ भागातला लसूण लावलात. त्याला गड्डी धरायला मोठे दिवस लागतात, ते पुण्यात मिळत नाहीत. भीमा ओंकार किंवा गोदावरीसारखं मैदानी वाण घ्या. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर, बाहेरच्या जाड पाकळ्या, टोक वर, दोन-तीन सेंटिमीटर खोल.

प्रश्न : डिसेंबरात आठ दिवस गावी जायचं आहे. (वाचक, वारजे)

उत्तर : सगळ्या कुंड्या एकत्र, एकमेकींना चिकटवून, दुपारनंतर सावली येईल अशा जागी आणा. वर तीन इंच पालापाचोळा. पालेभाजी जाण्याआधी कापून घ्या, कमी पानं म्हणजे कमी पाणी. मोठ्या झाडांना बादलीतून जाड सुती वात : एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं मातीत चार इंच खोल, बादली कुंडीपेक्षा उंच. वात आधी पूर्ण भिजवून घ्या आणि जाण्याच्या दोन दिवस आधी लावून बघा. कुंडीखाली पाण्याची थाळी ठेवून जाऊ नका. थंडीत मुळं कुजतात आणि डास वेगळे.

प्रश्न : संक्रांत झाली की लगेच भेंडी पेरतो, ती उगवत नाही. पालक मात्र फेब्रुवारीत तुऱ्यावर येतो. मधले दिवस रिकामे जातात. (वाचक, विश्रांतवाडी)

उत्तर : भेंडीला उगवायला माती किमान १७-१८ अंश लागते आणि जानेवारीच्या मध्याला रात्री ११-१२ अंशांच्या असतात. बी आठ-दहा दिवस गार ओलीत पडून कुजतं. दोन आठवडे थांबा. घाई असेल तर बी कोमट पाण्यात १२ तास भिजवून, ओल्या फडक्यात, स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात मोड आणा आणि मोड आलेलंच पेरा. काकडी, दोडका आणि दुधी कागदी कपात घरात उगवून दोन खऱ्या पानांवर बाहेर काढा. गवार फेब्रुवारीच्या मध्याआधी नको.

पालक तुऱ्यावर येतो कारण दिवस मोठे आणि गरम होतात, तो थांबवता येत नाही. मधल्या दिवसांसाठी जानेवारीच्या अखेरीस लाल माठ, चाकवत आणि एक शेवटची मेथी पेरा, ती २५-३० दिवसांत निघते. संपलेल्या पालकाची मुळं उपटू नका, मातीलगत कापा. दोन मुठी गांडूळखत आणि ५० ग्रॅम निंबोळी पेंड वरच्या थरात मिसळा, आठवडाभर ओली ठेवा आणि त्याच कुंडीत भेंडी लावा. कोथिंबिरीची एक कुंडी मात्र फुलू द्या. तिच्या फुलांवर मधमाश्या येतात, त्या काकडी-दोडक्याच्या फुलांनाही लागतात आणि मार्चअखेर घरचे धने मिळतात. ते सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकच्या डबीत ओल धरली की पुढच्या नोव्हेंबरात उगवणार नाहीत.